रेंज किती देते? आधी रस्ता सांगा!

आपल्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली की पेढ्यांच्या आधी एक प्रश्न येतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ काका विचारतात, सोसायटीचा वॉचमन विचारतो, सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी बाइकवालाही विचारतो. रंग, फीचर्स, म्युझिक सिस्टीम हे सगळं नंतर! आता गाड्या इलेक्ट्रिक झाल्या, तरी आपण तेच. फक्त शब्द बदलला. ‘रेंज किती देते?’

आणि उत्तर म्हणून आपण बिनधास्त ब्रोशरवरचा आकडा फेकतो.

घरच्या कारचं ठीक आहे हो. वीकेंडला महाबळेश्वरला निघालात आणि बॅटरी लवकर उतरली, तर चार्जिंग स्टेशनवर अर्धा-पाऊण तास थांबायचं, कणीस खायचं, दोन सेल्फी काढायचे. टाइमपास! पण ज्याची गाडी हेच दुकान आहे, त्याचं काय? मार्केट यार्डातला टेम्पोवाला, तुम्हाला रात्री अकराला ऑफिसातून घरी सोडणारा कॅबवाला, शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून तुम्हाला गावी नेणारी एसटी... या सगळ्यांच्या लेखी रेंज म्हणजे आजची कमाई. आणि बॅटरीचं आयुष्य म्हणजे बँकेचा हप्ता.

म्हणून यावेळी विषय पोटापाण्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा. आणि इलाखा सातारा-सांगलीचा. पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कात खडा मारला तर तो हमखास साताऱ्याच्या नाहीतर सांगलीच्या माणसाला लागतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे गाडीवर पोट भरणं या भागाला नवं नाही. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या ‘प्रिया’ने एका पिढीला ऑफिसला नेलं-आणलं. आणि ‘वडाप’ हा शब्द तर खास आपल्या याच पट्ट्यातला! ॲपवरून शेअर कॅब येण्याच्या कितीतरी आधी इथे जीपमध्ये माणसं ‘शेअर’ होत होती. सगळ्यात महत्त्वाचं कारण मात्र भूगोल. सपाट ऊसपट्टा, सणसणीत हायवे, खडा घाट, रणरणता उन्हाळा आणि कृष्णेचा पूर... इलेक्ट्रिक गाडीची परीक्षा घेणारे सगळे पेपर या दोन जिल्ह्यांत आहेत.

ब्रोशरचा आकडा येतो कुठून?

सांगलीत माझा मामेभाऊ छोट्या टेम्पोंचा धंदा करतो. तासगावचे बेदाणे सांगलीत आण, मिरजेच्या हॉस्पिटलांना औषधांची खोकी पोचव, अशी भाडी. मध्यंतरी त्याचा फोन आला. ‘‘ताई, इलेक्ट्रिक छोटा हत्ती घेऊ म्हणतोय. कंपनी १५४ म्हणतीय. धरू का १५४?’’

छोटा हत्ती म्हणजे अर्थातच टाटा एस. तिचं इलेक्ट्रिक मॉडेल २०२२ मध्ये आलं. बॅटरी २१.३ युनिटची, रेंज १५४ किलोमीटर. युनिट म्हणजे तेच, आपल्या लाइट बिलावरचं. हा १५४ चा आकडा खोटा आहे का? अजिबात नाही. पण तो तासगाव रोडवरचा नाही, एवढंच.

हे आकडे अधिकृत चाचणीतून येतात. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाने पळवतात. सगळ्यांना एकच पेपर, म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला ही पद्धत उत्तम. पण रोलरला चढ नसतो, समोरून वारा नसतो, मिरजेतला ट्रॅफिक नसतो. कारसाठी आपल्याकडे जी चाचणी वापरली जाते, तिचा सरासरी वेग ताशी ३०-३२ किलोमीटरच्या आसपास भरतो. आता सांगा, पेठ नाक्यावरून हायवेला लागल्यावर कोण ३२ ने चालवतं?

गंमत म्हणजे कंपन्याही आता हे कबूल करायला लागल्यात. टाटाने २०२४ मध्ये ‘कर्व्ह’ची इलेक्ट्रिक कार आणली, तेव्हा मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला दोन आकडे दिले. चाचणीतला ५८५ आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज ४०० ते ४२५. म्हणजे कागदाच्या साधारण सत्तर टक्के. ही कार आहे, टेम्पो नाही, हे मान्य. पण कामचलाऊ हिशेबाला हा सत्तरचा फंडा वाईट नाही.

मग मी भावाला फोनवरच गणित घातलं. १५४ चे सत्तर टक्के म्हणजे १०८. बॅटरी शून्यापर्यंत कोणी शहाणा माणूस उतरवत नाही. तळाचे वीस टक्के शिल्लक ठेव. उरले ८६. आणि पाचव्या वर्षी बॅटरी थोडी थकलेली असेल, पंधरा टक्के तिचे वजा कर. राहिले ७३.

पलीकडे शांतता. मग, ‘‘ताई, म्हणजे निम्मंच की!’’

हो, निम्मंच! पण घाबरायचं कारण नाही. कारण ७३ हा भरवशाचा आकडा आहे. सगळ्यात वाईट दिवशी, लोनचा शेवटचा हप्ता भरतानासुद्धा मिळेल असा. सांगली-तासगाव जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास, बिनधास्त जमेल. सांगली-मिरज तर खेळच. सांगली-कोल्हापूर जाऊन-येऊन शंभरच्या घरात, तिथे कोल्हापुरात माल उतरवताना चार्जिंगची सोय आहे का ते आधी बघ. आणि पुण्याचं भाडं? ते डिझेलवाल्या मित्राला दे!

पैशांचा हिशेबही इथेच लागतो. डिझेल लिटरला ९० रुपये आणि ॲव्हरेज १८ धरलं, तर किलोमीटरला पाच रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून आणि युनिटला दहा रुपये मोजून सव्वादोन रुपये. म्हणजे किलोमीटरमागे पावणेतीन रुपयांची बचत. रोज ७० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, तर महिन्याला साधारण ४,८०० रुपये वाचतात. रोज शंभर झाले तर ६,८०० च्या वर. म्हणजे गाडी जितकी पळेल तितका फायदा, आणि रेंज म्हणते की बाबा, जरा थांब! या ओढाताणीतला मधला मार्ग म्हणजे दुपारी जेवायच्या वेळेला मिळणारं तास-दोन तासांचं चार्जिंग. तेवढी जागा सापडली तर धंदा फायद्याचा, नाहीतर नाही. शोरूममध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

घाट: खर्च आणि रिफंड

आता साताऱ्याकडे वळू या. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढलात की तेरा-एक किलोमीटरमध्ये साधारण पावणेसहाशे मीटर उंची गाठता. प्रवाशांसकट सोळा टनांची एक इलेक्ट्रिक बस धरा. तिला नुसती एवढी वर उचलायला २५ युनिट वीज लागते. हे शाळेतलं फिजिक्स आहे, कुठल्याही कंपनीच्या हातात नाही. सपाटीला हीच बस किलोमीटरला सव्वा-दीड युनिट खाते. म्हणजे हा तेरा किलोमीटरचा घाट बॅटरीच्या लेखी तीस किलोमीटरच्या वर पडतो. पूर्ण भरलेल्या इलेक्ट्रिक छोट्या हत्तीला याच चढासाठी जवळपास तीन युनिट जादा मोजावे लागतात. २१ पैकी तीन!

पण डिझेलला न जमणारी एक गोष्ट इथे आहे. उतरताना मोटर उलटी जनरेटर होते आणि ब्रेकमध्ये वाया जाणारी बरीचशी ताकद परत बॅटरीत भरते. घाटाचा रिफंडच म्हणा ना. सगळा परत मिळत नाही, पण मोठा वाटा मिळतो. शिवाय ब्रेक लायनर कमी झिजतात, ते वेगळंच.

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या टेम्पोचा विचार करा. तो वर जातो रिकामा आणि खाली येतो भरलेला. इलेक्ट्रिक गाडीला यापेक्षा भारी रूट कुठला? स्वित्झर्लंडमध्ये सिमेंटच्या खाणीतला एक अवाढव्य इलेक्ट्रिक डंपर नेमका याच तत्त्वावर चालतो. ४५ टनांचं रिकामं धूड वर जातं, ६५ टन दगड भरून खाली येतं, आणि उतरताना एवढी वीज भरून घेतं की पुढच्या चढाची बहुतेक सोय होते. आपली स्ट्रॉबेरी काही दगडाएवढी जड नाही, त्यामुळे एवढा चमत्कार होणार नाही. पण फंडा तोच.

फक्त एक खुबी लक्षात ठेवायची. वर पाचगणीत बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागलात, तर रिफंड ठेवायला जागाच नाही! भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतल्यासारखं. मग गाडी साध्या ब्रेकवरच उतरणार. वर चार्ज करायचंच असेल तर ऐंशी टक्क्यांवर प्लग काढा, बाकीचं घाट भरून देईल. हे ज्या ड्रायव्हरला कळलं, तो त्याच गाडीतून दुसऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर काढतो.

हायवेवर मात्र दिलजमाई नाही

घाट रिफंड देतो, हायवे देत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलात की वेग वाढला एक तृतीयांशाने, पण हवेचा विरोध पावणेदोन पट झाला. ही वीज गेली ती गेली.

म्हणून एसटीच्या ‘शिवाई’चं उदाहरण बघण्यासारखं आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. त्याच तारखेला, १ जून २०२२ ला, पहिली इलेक्ट्रिक शिवाई त्याच मार्गावर धावली. १२ मीटर लांब, ४३ सीट, ३२२ युनिटची बॅटरी आणि एका चार्जिंगमध्ये २५० किलोमीटर. आता पुण्याहून सांगली किंवा कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशेच्या पुढे. मध्ये खंबाटकीचा चढ, आत एसी, टपावर ऊन. २५० च्या आकड्यात हे बसतं, पण जेमतेम. त्यामुळे अशा लांब रूटवर बस पळवायची की नाही हे बसवर कमी आणि वाटेत किंवा पलीकडच्या डेपोत चार्जर आहे का, यावर जास्त ठरतं. स्वारगेट-सातारा मात्र एका बाजूने ११० च्या आसपास. तिथे तीच बस एकदम निवांत.

चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या सगळ्या १६,३५९ बस इलेक्ट्रिक केल्या, तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. पण त्या शहरातल्या बस होत्या. ठरलेला रूट, कमी वेग, रात्री डेपोत प्लग. सातारा-सांगलीलाही धडा तोच. गाडी बघून रूट शोधू नका, रूट बघून गाडी शोधा.

बॅटरी म्हातारी कशी होते?

आता खरा टेन्शनचा प्रश्न. ‘पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागली तर?’

आधी चांगली बातमी. गाड्यांचा डेटा गोळा करणाऱ्या जिओटॅब या कॅनडातल्या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक गाड्या तपासल्यात. त्यांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या पाहण्यांत बॅटरीची ताकद वर्षाला सरासरी १.८ ते २.३ टक्क्यांनी घटलेली दिसते. म्हणजे आठ वर्षांनीही ऐंशी-पंच्याऐंशी टक्के शिल्लक. मोबाइलच्या बॅटरीवरून आपण जी धास्ती घेतो, तेवढं वाईट नाही.

पण... तो ‘पण’ उन्हाचा आहे. त्या पाहणीतल्या बऱ्याच गाड्या थंड देशांतल्या. लिथियमच्या बॅटरीला साधारण माणसाला मानवतं तेच हवामान मानवतं. जतला नाहीतर कवठेमहांकाळला एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि द्राक्ष-बेदाण्याची धावपळही उन्हाळ्याच्या तोंडावरच. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच ऊनही सगळ्यात जास्त. कारमध्ये बॅटरी गार ठेवायला बहुधा पाण्यासारखं कूलंट फिरतं. स्वस्तातल्या बऱ्याच तीनचाकींमध्ये नुसती हवा. आणि हवाच ४० डिग्रीची असेल तर?

सांगलीत एक इलेक्ट्रिक रिक्षावाले काका भेटले. तीन वर्षांपूर्वी नव्वदच्या आसपास जायची ती गाडी आता साठीला दम टाकते म्हणाले. ‘‘पोरी, म्या तर रोज फुल्ल चार्ज करून ठेवतो, हयगय न्हाय!’’ आणि तीच गडबड असावी. दुपारी घरी जेवायला आले की पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली गाडी लगेच प्लगला, शंभर टक्के होऊन तशीच तास न् तास उभी. काळजी घ्यायची म्हणून केलेलं सगळं बॅटरीच्या मुळावर! त्यांना हे गाडी विकताना कुणीच सांगितलं नव्हतं.

फंडा सोपा आहे. तापलेल्या बॅटरीला अर्धा तास सावलीत विश्रांती, मग प्लग. रोज वीस ते ऐंशीच्या मध्ये खेळायचं. फास्ट चार्जिंग अडीनडीला, रोजचं जेवण म्हणून नाही. एलएफपी प्रकारची बॅटरी असेल तर ती वजनाला जड पण उष्णतेला आणि रोजच्या रपेटीला जास्त चिवट. तिला मात्र मीटर बरोबर दाखवावा म्हणून अधूनमधून कंपनी सांगेल तसं शंभरपर्यंत भरायचं, आणि भरलं की लगेच निघायचं.

आणि कृष्णामाई?

सांगलीवर लिहायचं आणि पुराचं नाव काढायचं नाही, असं कसं चालेल? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. बऱ्याच बॅटऱ्यांवर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल. साचलेल्या पाण्यातून जायला पुष्कळ झालं. पण पुराचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही, आठवडा-आठवडा मुक्काम ठोकतं. बुडालेली इलेक्ट्रिक गाडी ‘बघू तरी’ म्हणून चालू करायची नाही आणि चार्जरला तर मुळीच लावायची नाही. सरळ टो करून सर्व्हिस सेंटरला. आणि पुरात वीजही जाते, हे विसरू नका. नदीचा फूट-फूट वाढल्याचा मेसेज यायला लागला की गाडी चार्ज करून उंचावर नेऊन ठेवायची. इन्शुरन्समध्ये बॅटरी पाण्याने खराब झाल्याचं कव्हर आहे का, ते मे महिन्यातच बघायचं, ऑगस्टमध्ये नाही!

धोका कुणाच्या खिशात?

हे सगळं फिरून झाल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न उरला. बॅटरी म्हातारी झाली तर बिल कोण भरणार?

एसटीच्या भाडेतत्त्वावरच्या ई-बसमध्ये उत्तर स्पष्ट आहे. बस ठेकेदाराची, बॅटरी ठेकेदाराची, दुरुस्ती ठेकेदाराची. एसटी किलोमीटरमागे पैसे मोजते. पण टेम्पोवाला आणि कॅबवाला? तिथे गाडी त्याची, लोन त्याचं, धोकाही त्याचाच.

त्यात वॉरंटीची बारीक अक्षरं. समजा लिहिलंय, ‘८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते’. घरच्या कारला आठ वर्षं मिळतात. रोज शंभर किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस धावणाऱ्या टेम्पोची वॉरंटी पाच वर्षांच्या थोडं पुढे संपते. आणि रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या ऑफिस कॅबची? पावणेतीन वर्षांत! हप्ते पाच वर्षांचे असतील, तर उरलेली सव्वादोन वर्षं तो माणूस वॉरंटीशिवाय तुम्हाला घरी सोडत असतो.

खरेदीआधी विचारा

• या गाडीची रेंज माझ्या रूटवर, माझ्या मालासकट, एक दिवस चालवून बघता येईल का?
• वॉरंटी वर्षांत किती, किलोमीटरमध्ये किती? आणि बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार?
• भाड्याने धावणाऱ्या गाडीलाही तीच वॉरंटी लागू आहे का?
• बॅटरी एलएफपी आहे की दुसरी? गार ठेवायला कूलंट की नुसती हवा?
• बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट दरवर्षी लेखी मिळेल का? जुनी गाडी विकताना हाच कागद तिची किंमत ठरवेल.
• जवळचं सर्व्हिस सेंटर सातारा-सांगलीत आहे, की दरवेळी पुणे?

माझ्या मामेभावाने शेवटी तीन घेणार होता त्यातली एकच इलेक्ट्रिक घेतली. तासगाव आणि मिरजेच्या फेऱ्यांसाठी. दुपारच्या चार्जिंगला त्याने एका गोडाउनवाल्याशी बोलून सावलीतला एक प्लग मिळवला. मला विचाराल तर त्याच्या धंद्यातली सगळ्यात हुशार गुंतवणूक तो प्लग आहे.

आणि आपण ऑफिसवाले? आपल्या कंपनीच्या बेसमेंटमध्ये चार्जिंग पॉइंट असतात, मॅनेजर मंडळींच्या कारसाठी. आपल्याला सोडणारी कॅब मात्र दिवसभर बाहेर उन्हात उभी असते आणि रात्रीच्या ट्रिपआधी धावतपळत फास्ट चार्जर शोधते. बॅटरीला हवी असते सावली आणि हळूहळू चार्जिंग, दोन्ही आपल्या बेसमेंटमध्ये आहे. ॲडमिनला एक मेल टाकायला किती वेळ लागतो?